इंजिन चालू, गाडी जागेवर

दहावीच्या वर्गावर पर्यवेक्षणाला उभी राहिले की मी पोरींचे उजवे हात बघत बसते. तीन तास दुसरं काम नसतं. पंखा कुरकुरत फिरतो, खिडकीच्या गजांतून कडुलिंबाचा मोहोर उडून बाकांवर पडतो, आणि पंचवीस मनगटं कागदावर डावीकडून उजवीकडे सरकत राहतात. एखादी पोर मध्येच पेन ठेवते, बोटं ताणते, मनगट दाबते. मी तिच्या बाकाकडं निघते. तिला नुसती कळ आलेली असते. ती पुन्हा लिहायला लागते आणि मी दाराशी जाऊन उभी राहते.

यंदाही मार्च आला. रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकलाय. गेल्या वर्षी मात्र रोजे आणि पेपर अगदी हातात हात घालून आले होते. सकाळी नऊलाच डांबर मऊ पडायचं. केजच्या स्टँडवर कलिंगडांचे ढीग लागायचे आणि काळ्यापिवळ्या जीपांमधून वाड्यावस्त्यांवरची पोरं उतरायची, छातीशी पारदर्शक पाकीट धरून. त्या उन्हाळ्याचा वास विचाराल तर मला आंब्याचा, मोगऱ्याचा नाही सांगता येणार. करपलेल्या गिअर ऑइलचा वास येतो मला. तो केसांतून तीन दिवस जात नाही.

माझे वडील, अण्णा, जनावरांचे डॉक्टर होते. तालुक्यातली कुठली गाय अडली, कुठल्या बैलाच्या खांद्याला गाठ आली, हे त्यांना माणसांच्या नावांपेक्षा जास्त लक्षात असायचं. एका उधळलेल्या खोंडानं लाथ घातली आणि त्यांचा डावा गुडघा फुटला. हाड जुळलं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला. क्लच दाबायचा पायच गेल्यावर जीप विकावी लागली. तेव्हा पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं ती छोटी गाडी सुचवली. क्लच नसलेली. त्या काळात आमच्या भागात कुणी असली गाडी पाहिलेली नव्हती. पोरं काचेला नाक लावून आत बघायची, पायाखाली दोनच पायडलं मोजायची आणि ‘डॉक्टरची लंगडी गाडी’ म्हणत पळायची. अण्णा हसायचे. म्हणायचे, “मालक लंगडा, गाडी लंगडी. जोडी जमली.”

त्या गाडीमुळं आमच्या घरात बशीरचाचा आले. स्टँडमागं त्यांचं गॅरेज. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर डोळे मिटून उघडणारा माणूस. पण असली गाडी त्यांनीही पाहिलेली नव्हती. पहिल्यांदा ती बिघडली तेव्हा अण्णांनी पुण्याहून तिचं जाडजूड पुस्तक मागवलं. दोघं अंगणात पोतं अंथरून बसले. अण्णा इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे आणि चाचा तेलात बोट बुडवून खात्री करून घ्यायचे.

“डॉक्टरसाब, किलच न्हाई तर मंग इंजनाची ताकद चाकाला जाते कशी?”

“तेलातून.”

“तेलातून? मजाक करता का गरिबाची?”

मग तो भाग बाहेर निघाला. टॉर्क कन्व्हर्टर. दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा पोलादी गोल डबा, आत पाती. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, ती तेल घुसळतात, ते तेल दुसऱ्या बाजूची पाती फिरवतं, आणि गाडी चालते. चाचा त्याला हंडी म्हणायचे. त्या रविवारी ते दोघं लहान पोरांसारखे त्या हंडीभोवती बसले होते, हे मला स्वच्छ आठवतं. तेव्हापासून पुढं पंचवीस वर्षं गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. दर ईदला चाचांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडचा फराळ जायचा. मी कॉलेजला गेले, शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आई गेली. अण्णा आणि मी उरलो.

आई गेल्यावर दोनेक वर्षांनी अण्णा चष्मा फ्रीजमध्ये ठेवायला लागले. मग मला आईच्या नावानं हाक मारायला लागले. मग एके दिवशी दुपारी गाडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. संध्याकाळी धर्मापुरीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. पेट्रोल संपून गाडी जुन्या देवळाजवळ उभी होती आणि अण्णा औषधांची रिकामी बॅग मांडीवर घेऊन आत बसले होते. कुणाची तरी गाय बघायला आलो म्हणत होते. ती गाय आणि तिचा मालक, दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी किल्ली लपवली. त्यांच्याकडं दुसरी होती. तीही काढून घेतली तर शर्टाच्या खिशात तिसरी निघाली. बॅटरीची वायर काढून ठेवली. त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत जोडली. माझं नाव विसरलेला माणूस वायर कुठं जोडायची ते विसरत नव्हता. गाडी बंद असली की ते पिंजऱ्यातल्या जनावरासारखे अंगणात फेऱ्या मारायचे, ताठ पाय ओढत, आणि रडायचे. मला ते बघवायचं नाही. मग ते वायर जोडून गाडी बाहेर काढायला लागले की मीच मान फिरवायचे. हे मी आज लिहितेय, तेव्हा कुणापाशी बोलले नाही.

बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी मी केंद्रावर लवकर गेले होते. साडेदहाच्या सुमाराला फाटकाबाहेर ओरडा झाला. मी धावले. अण्णांची गाडी रस्त्यात आडवी उभी होती. पुढं जायचं सोडून त्यांनी ती मागं घातली होती, आणि मागं जीपमधून नुकतीच उतरलेली कोमल होती. माझ्याच वर्गातली. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागं मामाकडं राहून शिकणारी, वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालणारी पोर. ती रस्त्यावर बसली होती आणि तिचं उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. अण्णा सुकाणूवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

कोमल रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, “बाई, पेपर सुरू व्हायला टाइम हाय ना अजून? मी डाव्या हातानं लिहिते. मला येतंय थोडं थोडं.”

तिला दवाखान्यात नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तो पेपर गेला. पुढच्या पेपरांना मी धावपळ करून लेखनिकाची परवानगी आणली, आणि ती प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून नववीतल्या पोरीला उत्तरं सांगत राहिली. अपघात झाला त्याच संध्याकाळी मी तिच्या मामाच्या घरी गेले. पोलिसांत जाणार का, हे विचारायला तोंड उघडत नव्हतं. मामानंच विषय काढला.

“बाई, डॉक्टरांनी आमची म्हस वाचवलती. रात्रभर बसलते गोठ्यात. आमी कुटं बी जाणार न्हाई. तुमी घोर करू नका.”

मला हायसं वाटलं. पुढं कित्येकदा मी त्या हायसं वाटण्याची लाज धरली आहे, पण त्या क्षणी वाटलं हे खरं. बीजगणिताचा पेपर जुलैत देता येईल, मी स्वतः शिकवायला येईन, असं मी त्या ओसरीवर बसून सांगितलं. गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, अण्णांना कुणापाशी ठेवू, असं करत उन्हाळा गेला. ऊसतोडीवरून आईबाप आले आणि जूनमध्ये कोमलचं लग्न लावून दिलं. सोळा वर्षांची होती. जुलैत तिचं हॉलतिकीट शाळेत आलं, ते माझ्या कपाटात पडून राहिलं.

अपघातानंतर दोन दिवसांनी मी बशीरचाचांच्या गॅरेजला गेले. ते एका जीपखालून सरकत बाहेर आले. रोजा होता; ओठ कोरडे पडले होते.

“चाचा, गाडी अशी बंद करा की अण्णांना दुरुस्त करता येऊ नये.”

त्यांनी पान्यावरचं ग्रीस पुसलं. “वायर काढली तर ते जोडत्याल. पंप काढला तर वळखत्याल. ती गाडी मी आन् त्यांनी मिळून शिकलीय, बेटा. त्यांना फसवायचं म्हंजे सोपं हाय का?”

“मग विकून टाकू?”

“दारात गाडी दिसली न्हाई तर ते पायी निघत्याल रस्त्यानं.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “हंडी काढावी लागंल. इंजन चालू हुईल, गिअर पडंल, पर गाडी जागची हलणार न्हाई. बसून ऱ्हात्याल आवाज ऐकत. तेवढं तरी सुख.”

“आणि त्यांनी तुम्हाला दुरुस्तीला बोलावलं तर?”

“तर सांगीन, पार्ट मिळत न्हाई.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “म्हंजे सारं माझ्या अंगावर येणार. येऊ दे.”

हे मी त्यांच्याकडून मागून घेतलं होतं आणि त्यांनी ते उघड बोलून कबूल केलं, इतकंच.

माझा भाऊ पुण्याहून आला आणि अण्णांना तपासणीसाठी अंबाजोगाईला घेऊन गेला. त्या दिवशी चाचांनी आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली गाडीचं पुढचं तोंड जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं. गॅरेजात नेली असती तर चार लोकांनी विचारलं असतं, म्हणून एकटेच आले. दुसरा हात हवा होता; तो माझा.

आधी गिअरबॉक्समधलं तेल काढलं. ते लाल असायला हवं. काळंकुट्ट निघालं, आणि तो करपट वास शेडभर पसरला. पुढची चाकं काढली, चाकांकडं जाणारे दांडे उपसले, स्टार्टर सोडला. स्टार्टरच्या भोकातून आतली हंडी थोडीशी दिसत होती. ती सहा बोल्टांनी इंजिनाच्या फिरत्या तबकडीला बांधलेली होती, आणि एका वेळी एकच बोल्ट त्या भोकासमोर यायचा. मी उजव्या चाकाच्या खोबणीत बसून लांब पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं आणि चाचांनी समोर येईल तो बोल्ट सोडायचा, असं ठरलं.

“फिरव. हळू. अजून. थांब.”

मी पाना धरून ठेवायचे. मग पलीकडून बोल्ट सुटल्याचा ‘कट’ असा आवाज यायचा. बोल्ट ताटलीत पडायचा.

“फिरव, बेटा.”

पाचवा बोल्ट गंजला होता. चाचा आडवे पडून दोन्ही हातांनी जोर लावत होते. पाना निसटला आणि त्यांच्या मुठीची साल निघाली. मी पाणी आणायला उठले. रोजा होता; त्यांनी नको म्हणून मान हलवली. रक्त चिंधीनं पुसलं. बाहेर ऊन इतकं होतं की पत्रा तडतडत होता. मला वाटलं, म्हणावं, राहू द्या चाचा. पण मी पुन्हा पाना धरला. सहाही बोल्ट निघाले. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावून त्यांनी तो इंजिनापासून बाजूला ओढला आणि ओरडले, “धर, धर, हंडी सुटंल.” मी दोन्ही हात घातले. आत तेल असल्यामुळं ती भलतीच जड होती. गिअरबॉक्सच्या दांड्यावरून ती निसटून माझ्या पोटाशी आली तेव्हा उरलेलं तेल भळकन साडीवर सांडलं. कोमट होतं.

चाचांनी ती माझ्या हातातून घेतली, पोत्यात गुंडाळली आणि म्हणाले, “झालं.” मग ते मागच्या चाकाला टेकून बसले. हंडीशिवाय गिअरबॉक्स पुन्हा जागेवर बसवायला दुपार गेली. अण्णा परत आले तेव्हा गाडी होती तशीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा गाडीत बसले. इंजिन चालू झालं. गिअरचा दांडा ओढला. ॲक्सिलरेटर दाबला. आवाज वाढला, गाडी जागेवर. पुन्हा. पुन्हा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी वळून मागच्या सीटकडं बघितलं, जणू तिथं कुणी गाडी धरून ठेवली होती.

चाचांना बोलावणं गेलं. ते आले, बॉनेटमध्ये वाकले, आणि ठरल्याप्रमाणं म्हणाले, “पार्ट मिळत न्हाई, डॉक्टरसाब. गाडी जुनी झाली.”

अण्णांची बोलण्याची ढब बदलली होती. जिथं वाढले त्या गावची भाषा परत आली होती. “पंचवीस वर्षं तुज्या हातात गाडी दिली बे, आन् तू वाटोळं केलंस. मुद्दाम केलंस. पार्ट इकला असशील.” गल्ली ऐकत होती. चाचा मान खाली घालून उभे राहिले. मी दारात होते. एक वाक्य बोलले असते तर पुरं होतं.

त्या महिन्यात रोज सकाळी अण्णा गाडीत बसून इंजिन चालू करायचे आणि येईल-जाईल त्याला सांगायचे, की बशीरनं गाडी खाल्ली. गाव ऐकायचं. अण्णांना काय झालंय ते लोकांना ठाऊक होतं; तरी एवढ्या मोठ्या माणसाचं बोलणं अगदीच खोटं कसं असेल, असंही वाटायचं. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी टेम्पो दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. ईदला चाचा स्वतः डबा घेऊन आले. अण्णांनी झाकण उघडून बघितलं, बंद केलं आणि डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. “चोराच्या घरचं न्हाई खात मी.” चाचांनी वाकून डबा उचलला. मला “ईद मुबारक, बेटा” म्हणाले आणि गेले.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, एक सकाळ अशी आली की अण्णांनी मला माझ्या नावानं हाक मारली. मी गाडीपाशी गेले. चेहरा अगदी पूर्वीचा होता, दवाखान्यातून आल्यावर हात धुताना असायचा तसा.

“दांडा ओढला की गाडी थोडी दचकायला पाहिजे,” ते म्हणाले. “ही दचकत नाही. हंडी काढलीय ना?”

मला खोटं बोलता आलं नाही. “हो अण्णा. मीच काढायला लावली.”

त्यांनी सुकाणूवरचे हात मांडीवर घेतले. “त्या पोरीचा हात बसला का?”

“बसला.”

“बरं केलंत.” मग म्हणाले, “बशीरला बोलाव. त्याला लई बोललोय मी.”

मी फोन केला. चाचा दहा-बारा मिनिटांत आले असतील; मोपेड फाटकाला टेकवून तसेच आत धावले, हाताला ग्रीस होतं. तेवढ्यात अण्णांचे डोळे पुन्हा विझले होते. चाचांना बघून ते गाडीच्या दाराला धरून उठले. “हा कावून आलाय? आता काय न्यायचं राह्यलंय?”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी कशाला बोलावलं, ते त्यांनी विचारलं नाही. अण्णा ओरडतच होते. चाचा वळले, मोपेड सुरू केली. उद्या जाऊन सांगू, असं मी ठरवलं. गेले नाही. तुम्ही दहा मिनिटं आधी आला असतात तर, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, ते सुचेना. ऑगस्टमध्ये अण्णांना ताप आला, छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी ते गेले. स्मशानात चाचा आले होते. पुढं झाले नाहीत. बाभळीखाली उभे राहिले, सगळं होईपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीत भावानं गाडीला गिऱ्हाईक आणलं. लातूरकडचा, जुन्या गाड्या जमवणारा हौशी माणूस. हे कळताच चाचा न बोलावता आले, मोपेडवर पुढं पोतं बांधून.

“अर्धी गाडी देऊ नका. डॉक्टरांची गाडी हाय,” म्हणाले.

त्याच शेडखाली त्यांनी हंडी परत बसवली. मी पाना फिरवत होते, तेच सहा बोल्ट, उलट्या क्रमानं. नवं तेल भरलं. इंजिन चालू केलं, दांडा ओढला, गाडी जराशी दचकली आणि चालायला लागली. त्यांनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. समोरच्या ओट्यावर चारजण बसले होते. त्यांतला एक मोठ्यानं म्हणाला, “डॉक्टर होते तवर पार्ट मिळत नव्हता. आता बरा घावला.” बाकीचे हसले.

मी ओट्यापाशी गेले. सगळं सांगितलं: कुणी काढायला लावलं, का, कुणी काढलं. शेवटी तोच म्हणाला, “मास्तरीणबाई, तुमी लई भोळ्या. अशा माणसाला किती पाठीशी घालाल?”

परत आले तेव्हा चाचा पाने पोत्यात भरत होते. तेव्हा मी त्यांना जूनमधली ती सकाळ सांगितली. सांगायला पाच महिने उशीर झाला होता. त्यांचे हात थांबले.

“काय म्हणले? नेमकं?”

“बरं केलंत, म्हणाले. बशीरला बोलाव म्हणाले. त्याला लई बोललोय मी, असं म्हणाले.”

त्यांनी चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसायला लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

“त्या उन्हाळ्यात आपण दोघं लई खोटं बोललो, बेटा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “डॉक्टरांशी बोललो, गावाशी बोललो. आता हे तुजं खरं हाय, का बशीरला बरं वाटावं म्हणून हाय, मला कसं कळावं?”

“खरं आहे चाचा. शप्पथ.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी विद्यार्थ्यांच्या तोंडाकडं बघते ना, कॉपी केलीय का नाही ते ओळखायला, तसंच. मग पोतं उचलून मोपेडला बांधलं, किक मारली. एकदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली.

“म्हणले असतील,” ते म्हणाले, आणि गेले.